‘कॉन्फिग.गेस’ : नाम आणि लक्षण

सोर्स कोडपासून प्रोग्रामची बांधणी करताना तो कोणत्या यंत्रणेवर चालावयाचा, हे आधी निश्चित करावे लागते. ग्नूच्या परिभाषेत अशा यंत्रणेस ‘होस्ट’ म्हणतात. तिचा शोध ‘कॉन्फिग.गेस’ ही शेल-स्क्रिप्ट घेते, असा समज रूढ आहे. वस्तुतः ही स्क्रिप्ट ओळखते ती बांधणीची यंत्रणा. होस्ट निराळा सांगितला नसेल, तर तीच होस्ट मानली जाते. म्हणजे होस्टचे ज्ञान येथे प्रत्यक्ष नसून गृहीत आहे.

स्क्रिप्ट ‘यूनेम’ या कमांडच्या उत्तरावरून ‘एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू’ असे नाम सिद्ध करते. प्रोसेसर, निर्माता व ऑपरेटिंग सिस्टिम अशा तीन पदांचे म्हणून हे ‘त्रिपद’. परंतु येथे पदे चार आहेत, आणि ‘पीसी’ हा तर कोणी निर्माताच नव्हे.

न्यायशास्त्रातील लक्षणदोष येथे स्पष्ट दिसतात. ६४ बिटी कर्नलवर ३२ बिटी कंपायलर असेल, तर यूनेमची साक्ष खरी असूनही नामाची अतिव्याप्ती होते. म्हणून स्क्रिप्टच्या नव्या आवृत्त्या कंपायलरचीही साक्ष काढतात. उलट, २०११ साली जाहीर झालेली आर्मची ६४ बिटी रचना जुन्या प्रतींना ठाऊकच नव्हती. ही अव्याप्ती होय. अशा प्रसंगी स्क्रिप्ट खोटे नाम न देता आपली असमर्थता सांगून थांबते, हा तिचा मोठा गुण मानला पाहिजे.

नामावरून गुणधर्म गृहीत न धरता प्रत्येक गुणधर्माची चाचणी घ्यावी, हे १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी आरंभिलेल्या ऑटोकॉन्फचे मूलतत्त्व आहे. ‘मसल’ या सी-लायब्ररीच्या कर्त्यांनी तर याच विचाराने आपल्या लायब्ररीस ओळखीचा मॅक्रो हेतुतः दिलेला नाही. तरीही स्क्रिप्ट आडवाटेच्या खुणांवरून तिला ओळखतेच. हा विरोध केवळ वरवरचा नाही. एका यंत्रणेवर दुसरीसाठी बांधणी होत असता चाचणीचा प्रोग्राम चालविता येत नाही. कंपाइल होतो की नाही, एवढेच पाहता येते. बाकीच्या ठिकाणी नामाचाच आधार उरतो, आणि तेही मनुष्यानेच पुरवावे लागते.

तेव्हा नाम सर्वस्वी त्याज्य नाही. परंतु ते लक्षणाची जागा घेऊ शकत नाही. जेथे चाचणी शक्य आहे तेथे नामावर विसंबणे हा आळस होय. जेथे ती शक्य नाही तेथे नाम हे अनुमान आहे, याचे भान ठेवले पाहिजे. स्क्रिप्टच्या कर्त्यांनी तिच्या नावातच ‘गेस’ हा शब्द ठेवून ते भान राखले आहे. तिच्या उत्तरास प्रमाण मानणाऱ्यांनी मात्र ते अनेकदा सोडलेले दिसते.