चाचणीतील दोष आणि त्याची दुरुस्ती: लिनक्सच्या पॅकेट वाटप-चाचणीची समीक्षा

१. प्रस्तावना

साहित्यकृतीची समीक्षा होते, तशी संगणकीय संहितेचीही करता येते. लेखकाने काय साधायचे ठरवले, कोणता मार्ग निवडला आणि तो मार्ग उद्दिष्टाला पुरा पडतो का, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. या पाठासाठी लिनक्स कर्नलच्या स्रोतसंहितेसोबत येणारी एक छोटी चाचणी घेतली आहे. तिचे नाव पीसॉक-फॅनआउट. ही चाचणी अधूनमधून विनाकारण नापास होत असे. पुढे तिची दुरुस्ती झाली. ती दुरुस्ती कशी केली, तिचे मोल काय आणि तिच्यानंतरही काय उरले, हे येथे पाहू.

२. पार्श्वभूमी

पॅकेट फिल्टर म्हणजे कर्नलच्या आत चालणारा एक लहानसा प्रोग्रॅम. आलेले पॅकेट मागणाऱ्या प्रक्रियेला द्यायचे की नाही, हे तो ठरवतो. स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ च्या यूसेनिक्स हिवाळी परिषदेत मांडलेली बीपीएफ ही रचना आजच्या बहुतेक फिल्टरांचे मूळ आहे. नको असलेले पॅकेट कर्नलमध्येच टाकून दिले, तर ते वापरकर्त्याच्या स्मृतीत उतरवण्याचा खर्च वाचतो, ही तिच्यामागची कल्पना. फिल्टर एक संख्या परत करतो. शून्य आले तर पॅकेट नाकारले जाते. अन्य संख्या आली तर तितके बाइट ठेवले जातात.

लिनक्सच्या ३.१ या आवृत्तीपासून अनेक पॅकेट सॉकेटांचा गट करून येणारी पॅकेटे त्यांच्यात वाटता येतात. या सोयीला फॅनआउट म्हणतात. वाटपाच्या अनेक रीती आहेत. हॅश रीतीत एका प्रवाहाची सर्व पॅकेटे एकाच सॉकेटकडे जातात. दुसऱ्या रीतीत पाळीपाळीने वाटप होते. तिसऱ्या रीतीत बीपीएफ प्रोग्रॅम पॅकेटमधील मजकूर पाहून सॉकेट निवडतो.

३. चाचणीची रचना

चाचणी दोन पॅकेट सॉकेट उघडून त्यांचा गट करते. मग आपल्याच यंत्रावर यूडीपीची पॅकेटे पाठवते आणि कोणत्या सॉकेटकडे किती पोहोचली ते मोजते. आधी एका प्रवाहात १५ आणि दुसऱ्यात ५ पॅकेटे जातात, तेव्हा पहिली मोजणी होते. त्यानंतर आणखी १५ पाठवून दुसरी मोजणी होते. पाळीच्या रीतीत पहिल्या वेळी १० व १०, तर दुसऱ्या वेळी १८ व १७ हे आकडे अपेक्षित आहेत. कोणता आकडा कोणत्या सॉकेटचा, हे मात्र चाचणी पाहत नाही. क्रम उलटा आला तरी ती पास करते.

मोजणीत परकी पॅकेटे येऊ नयेत म्हणून सॉकेटवर फिल्टर बसवलेला असतो. ठरलेल्या लांबीचे आणि ठरलेले अक्षर भरलेले यूडीपी पॅकेटच तो आत सोडतो.

४. दोष

येथे दोन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्या होत्या.

पहिली चूक क्रमाची. पॅकेट सॉकेट उघडतानाच प्रोटोकॉल दिला, तर त्याच क्षणापासून पॅकेटे रांगेत जमू लागतात. फिल्टर त्यानंतर बसतो. मधल्या काळात आलेली पॅकेटे फिल्टर बसल्यावरही रांगेतून निघत नाहीत, कारण फिल्टर फक्त पुढे येणाऱ्या पॅकेटांना लागू होतो. टीसीपीडम्पच्या मुळाशी असलेल्या लिबपीकॅप या ग्रंथालयाला हाच प्रश्न ठाऊक आहे. लिनक्सवर ते आधी सर्व काही नाकारणारा फिल्टर बसवते, साचलेली रांग उपसते आणि मग खरा फिल्टर लावते.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. फॅनआउटमध्ये सॉकेटची निवड आधी होते आणि त्या सॉकेटचा फिल्टर नंतर चालतो. म्हणजे परक्या पॅकेटला फिल्टरने नाकारले, तरी तोवर त्याने एक पाळी खाल्लेली असते. मोजणीत ते दिसत नाही. त्याने वाटप हलवलेले मात्र असते.

हे कागदावर मांडून पाहावे. पहिल्या २० पॅकेटांच्या दरम्यान एक परके पॅकेट आले, असे समजू. आता पाळ्या २१ झाल्या. पहिल्या सॉकेटला ११ आणि दुसऱ्याला १० मिळाल्या. परके पॅकेट पहिल्या सॉकेटच्या पाळीत आले असेल, तर उरतात १० व १०. चाचणी पास. ते दुसऱ्याच्या पाळीत आले असेल, तर उरतात ११ व ९. चाचणी नापास. दुसऱ्या मोजणीपर्यंत पाळ्या ३६ होतात, म्हणजे प्रत्येकी १८. त्यातून एक वजा केली की १८ व १७ उरतात आणि क्रम उलटा चालत असल्याने चाचणी समाधानी राहते. एकाच दोषाचे कधी प्रत्यंतर येते, कधी येत नाही. अशा वेळी ‘पुन्हा चालवून बघा’ ही सवय लागते आणि खरा इशाराही लोक कानाआड करू लागतात.

हॅश रीतीत असे घडत नाही, हे लक्षात घ्यावे. तेथे निवड केवळ त्या त्या पॅकेटवरून होते. मागच्या पॅकेटांची आठवण ठेवली जात नाही. म्हणून तेथे फिल्टर पुरेसा ठरतो. पाळीच्या रीतीला आठवण असते आणि फिल्टरला त्या आठवणीपर्यंत पोहोचता येत नाही.

५. दुरुस्ती आणि तिचे मोल

सोपा उपाय हाताशी होता. अपेक्षित आकड्यांत एका पॅकेटची सूट द्यायची. तसे केले असते, तर लक्षण झाकले गेले असते आणि पाळी मोजण्यात कर्नलची खरी चूक झाली तरी ती त्या सुटीत लपली असती. दुरुस्ती करणाऱ्याने हा मार्ग घेतला नाही, हे श्रेयाचे आहे.

प्रत्यक्षात दोन बदल झाले. चाचणी स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेसमध्ये चालवली जाऊ लागली. तेथे यंत्रावरची इतर रहदारी पोहोचत नाही. दुसरा बदल म्हणजे सॉकेट शून्य प्रोटोकॉलने उघडायचा. असा सॉकेट काहीच स्वीकारत नाही. मग फिल्टर बसवायचा आणि शेवटी आयपी प्रोटोकॉलशी तो बांधायचा. चाचणीचा दोष नेमस्पेसनेच सुटला होता. तरीही क्रम बदलला, कारण कर्नलसोबतच्या चाचण्या लोक नमुना म्हणून वाचतात आणि त्यातली संहिता उचलतात. चुकीचा क्रम तिथून शेकडो प्रोग्रॅमांत गेला असता.

६. उरलेल्या उणिवा

दुरुस्ती योग्य असली, तरी ती पूर्ण म्हणता येणार नाही. उद्या कोणी फिल्टर आणि बांधणी यांचा क्रम पुन्हा उलटा केला, तर नेमस्पेसच्या शांततेत चाचणी बिनबोभाट पास होईल. चांगली सवय दाखवली गेली, पण तिची तपासणी होत नाही. त्यासाठी मुद्दाम परकी पॅकेटे सोडणारी वेगळी चाचणी हवी.

दुसरी उणीव जुनीच आहे. क्रम उलटा मान्य करण्याची सूट पाळीच्या रीतीत चालून जाते, बीपीएफ वाटपात ती महाग पडते. तेथे प्रोग्रॅम मजकुरातला बाइट वाचतो आणि त्याला सॉकेटांच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवरून सॉकेट ठरतो. ‘ए’ या लहान रोमन अक्षराचा संकेतांक ९७, ‘बी’चा ९८. दोनने भागता बाकी १ आणि ०. म्हणजे कोणते पॅकेट कोणाकडे जावे, हे निश्चित आहे. तरी दोन्ही सॉकेटांची अदलाबदल झाली, तर चाचणीला पत्ता लागत नाही. दोन मोजण्यांत क्रम एकच राहावा, हे काम बाकी असल्याची नोंद खुद्द संहितेतच आहे.

७. समारोप

चाचणी हा मोजमापाचा काटा आहे. काटाच हलत असेल, तर मालाविषयी काहीच सांगता येत नाही. या दुरुस्तीने काटा स्थिर केला. त्याच्या खुणा अजून बारीक व्हायच्या आहेत.

८. विचारार्थ प्रश्न

१) पहिल्या २० पॅकेटांच्या दरम्यान दोन परकी पॅकेटे आली, तर पाळीची चाचणी कोणकोणत्या स्थितींत पास होईल? मांडणी करून दाखवा.

२) फिल्टर आधी आणि सॉकेटची निवड नंतर, अशी रचना कर्नलने केली तर कोणत्या अडचणी येतील? प्रत्येक सॉकेटचा फिल्टर वेगळा असू शकतो, हे ध्यानात घेऊन उत्तर लिहा.

३) अधूनमधून नापास होणारी चाचणी काढून टाकणे कधी योग्य ठरेल? स्वतःचे मत कारणांसह मांडा.