तराजू आणि भुयार : ‘मुगल-ए-आझम’ पुन्हा पाहताना

के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात प्रथम झळकला. पुढच्या वर्षी वडिलांनी आम्हा सर्वांना तो दाखवण्यासाठी वसईहून मुंबईला नेले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. गोष्ट फारशी उमगली नाही. हत्ती, तोफा, आरशांचा महाल आणि बेड्यांत जखडलेली एक सुंदर स्त्री एवढेच मनात राहिले. पुढे दूरदर्शनच्या छोट्या पडद्यावर तो अनेकदा पाहिला, गाणी पाठ झाली, आणि ही सलीम-अनारकलीच्या प्रेमाची कथा आहे, अशी माझी पक्की समजूत होऊन बसली. नोव्हेंबर २००४ मध्ये संपूर्ण रंगीत केलेली प्रत चित्रपटगृहांत आली आणि त्रेचाळीस वर्षांनी मी तो पुन्हा मोठ्या पडद्यावर पाहिला. त्या दिवशी माझी ही समजूत ढळली. आज वीसहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या दुपारने उभा केलेला प्रश्न मला सोडून गेलेला नाही. त्याचाच हा विचार.

वास्तविक चित्रपटाचे नावच सारे सांगून टाकते. ते सलीमचे नाही, अनारकलीचेही नाही. ते बादशहाचे आहे. आरंभीच्या प्रसंगात पुत्रप्राप्तीसाठी तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत सलीम चिश्तींच्या दर्ग्याकडे निघालेला अकबर दिसतो. दूरदर्शनवर ही दृश्ये आपण पाण्याचा पेला आणायला उठण्यात घालवतो. चित्रपटगृहाच्या अंधारात मात्र उठायची सोय नसते. त्या अफाट वाळवंटात एवढासा दिसणारा सम्राट आणि त्याची भाजणारी पावले पाहिल्यावर पुढचे तीन तास आपण विसरू शकत नाही की, हा मुलगा मागून घेतलेला आहे. ज्याच्यासाठी बापाने पाय भाजून घेतले, त्याच्याशीच तो पुढे रणांगणात लढणार आहे. पृथ्वीराज कपूर यांचा घनगंभीर आवाज आणि जड पावले छोट्या पडद्यावर कित्येकदा नाटकी वाटतात. मोठ्या पडद्यावर कळते की, तो डौल त्या माणसाचे कवच आहे आणि कवचाखालचा बाप क्वचितच बाहेर डोकावतो.

आसिफ यांनी हा चित्रपट मोठ्या पडद्याचा विचार करूनच रचला, याची साक्ष जागोजागी मिळते. शीशमहालाचेच उदाहरण घ्या. भिंती आणि छत आरशांनी मढवलेले असल्यामुळे दिव्यांचा झोत परतून कॅमेऱ्यात शिरत असे. छायालेखक आर. डी. माथुर यांनी उजेड थेट न सोडता परावर्तित करून ही अडचण सोडवली. दूरदर्शनवर ते आरसे म्हणजे नुसती लुकलुक. चित्रपटगृहात मात्र प्रत्येक ठिपक्यात एकेक अनारकली नाचताना दिसते. भर दरबारात तिने प्रेमाची कबुली दिली आहे, आणि बादशहाने मान वळवावी तर तिथेही तीच. ज्या महालात त्याचे वैभव प्रतिबिंबित व्हायचे, तिथे एका दासीचे धैर्य शेकडो पटींनी वाढून त्याच्यासमोर उभे राहते. सम्राटाची हतबलता इतक्या नेमकेपणाने दाखवणारे दुसरे दृश्य हिंदी चित्रपटांत मला आठवत नाही.

येथे रंगीत प्रतीविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. १९६० च्या मूळ प्रतीत बहुतेक चित्रपट कृष्णधवल होता. शीशमहालातले ते गाणे आणि शेवटचा भाग तेवढा रंगीत होता. अनारकली निर्भय होते त्या क्षणी पडद्यावर रंग उमलत. तो धक्का मला बालपणीही जाणवला होता. वडिलांचा हात मी त्याच वेळी घट्ट धरल्याचे आठवते. सगळाच चित्रपट रंगीत केल्यामुळे तो धक्का गेला. बंदिखान्यातल्या प्रसंगांचीही हानी झाली. मधुबाला तेव्हा हृदयविकाराने आजारी होत्या आणि त्यांच्या अंगावरच्या बेड्या खऱ्याखुऱ्या लोखंडाच्या होत्या, असे सांगतात. त्या चेहऱ्यावरची क्लांत छाया काळ्या-पांढऱ्यातच खरी. रंगाने तिच्यावर उगाच तजेला चढवला आहे. अर्थात या प्रतीमुळेच एका नव्या पिढीने हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिला, हे ऋणही मान्य केले पाहिजे.

प्रेमप्रसंगांतील संयम मोठ्या पडद्यावर अधिकच भावतो. पार्श्वभूमीला बडे गुलाम अली खाँसाहेबांचा सोहनी, सलीमच्या हातात एक पीस आणि पडदाभर पसरलेला मधुबालांचा चेहरा. दिलीपकुमार जवळजवळ काहीच करीत नाहीत, आणि तरीही सभागृहात कोणी खोकत नाही. आज ही दोन्ही माणसे आपल्यात नाहीत. मधुबाला १९६९ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेल्या. दिलीपकुमार २०२१ मध्ये. त्या दृश्यात मात्र काळाचा शिरकाव झालेला नाही.

पण चित्रपटाचा कणा आहे तो न्याय आणि दया यांच्यातला झगडा. बादशहाच्या न्यायाचे प्रतीक म्हणून एक प्रचंड तराजू येथे दिसतो. पुत्रावर चाल करून निघालेल्या पतीच्या हाती तलवार देण्याची पाळी जोधाबाईवर येते. दुर्गाबाई खोटे यांनी त्या प्रसंगात आक्रोश टाळून जी व्यथा दाखवली आहे, ती मराठी रसिकाने अभिमानाने पाहावी अशी आहे. पुढे सलीमचा जीव वाचवण्यासाठी अनारकली स्वतःला स्वाधीन करते आणि तिला जिवंत भिंतीत चिणण्याची शिक्षा होते. येथे तिची आई पुढे येते. सलीमच्या जन्माची वार्ता तिनेच प्रथम बादशहाला दिली होती आणि त्या आनंदात त्याने तिला मागेल ते देण्याचा शब्द दिला होता. आता ती मुलीचा जीव मागते. कायदा मोडता येत नाही, शब्दही मोडता येत नाही. अकबर गुप्त भुयार उघडतो आणि मायलेकींना सोडून देतो. अट एकच, सलीमला ती जिवंत असल्याचे कधीही कळता कामा नये.

ही सुटका समजून आपण सुस्कारा टाकतो. मीही वर्षानुवर्षे टाकला. पण या वेळी विचार आला की, ही किंमत मोजली कुणी? अनारकलीला प्राण मिळाले, पण ती मेल्यासारखीच जगणार. सलीमचा शोक खोट्यावर उभा, पण तो आयुष्यभराचा. स्वतः अकबरही सुटत नाही. मुलाच्या नजरेत तो कायमचा खुनी ठरतो आणि त्याविरुद्ध एक शब्द उच्चारीत नाही. हे त्याचे मोठेपण आसिफ यांनी फार हळुवारपणे दाखवले आहे, आणि म्हणूनच हा बादशहा खलनायक होत नाही. तरीही माझा आक्षेप उरतोच. गुप्तदानाची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिथे लपवायचे असते ते देणाऱ्याचे नाव. येथे शोक करणाऱ्यापासून त्याचा दिलासाच लपवला जातो, तोही सिंहासनाचा आब राहावा म्हणून. तराजू सर्वांसमोर आणि दया भुयारात, असा हा व्यवहार आहे. शिक्षा उघडपणे देणाऱ्याला क्षमा उघडपणे करता येऊ नये, यातच या कथेची शोकांतिका आहे.

इतिहासाने या कथेला दिलेले उत्तर लक्षणीय आहे. अनारकलीची कथा हिंदी पडद्यावर आली ती प्रामुख्याने इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या उर्दू नाटकावरून. ऐतिहासिक सत्य म्हणून तिला भक्कम आधार नाही. लाहोरमध्ये तिची मानली जाणारी कबर आहे. एकोणिसाव्या शतकात काही काळ ती वास्तू इंग्रजांचे चर्च म्हणून वापरली गेली. सलीमचे बंड मात्र खरे होते. खऱ्या अकबराने त्या बंडखोर पुत्राला क्षमा केली आणि १६०५ मध्ये तोच जहांगीर म्हणून गादीवर आला. १५८० मध्ये गोव्याहून येऊन पोहोचलेल्या फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांच्या सोबत्यांना फत्तेपूर सिक्रीत बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेणारा अकबर तो हाच. पडद्यावरच्या बादशहाला जे जमले नाही, ते त्याला जमले होते. त्याने मुलाला जवळ केले, तेही जगासमोर.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून माझे हे मत अपुरे राहील. २००४ साली चित्रपटाची तिकिटे माझ्या थोरल्या मुलीने आणली होती. तिने स्वतःसाठी निवडलेला मुलगा मला मान्य नव्हता. तो आमच्या धर्मग्रामातला नव्हता, आमच्या भाषेचाही नव्हता. तीन महिने घरात अबोला होता. मी रागावलो होतो असे नाही. मनातून मी केव्हाच विरघळलो होतो. पण एकदा ‘नाही’ म्हटल्यावर चारचौघांत ‘हो’ कसे म्हणावे, या लाजेने गप्प होतो. पत्नीच्या हाती गुपचूप पैसे देऊन, ‘तिला लागतील तर दे, माझे नाव सांगू नकोस,’ असेही बजावले होते. भुयार उघडताना बादशहाचा चेहरा पडद्यावर आला, तेव्हा माझ्या शेजारी माझी मुलगी रडत होती आणि ती अनारकलीसाठी रडत आहे, असे समजण्याची सोय मला राहिली नव्हती.

परतताना लोकलला गर्दी होती. बोरिवली गेल्यावर आम्हाला बसायला जागा मिळाली. तोवर मी त्या मुलाचा उल्लेख ‘तो’ एवढाच करीत असे. मी तिला त्याचे नाव विचारले. तिने सांगितले. मग मी म्हणालो, रविवारी मिस्सानंतर त्याला घरी जेवायला बोलाव, काकांनाही बोलावतो.

‘मुगल-ए-आझम’ पुन्हा कधी मोठ्या पडद्यावर आला, तर आईवडिलांनी मुलांना घेऊन तो अवश्य पाहावा. गाणी आहेत, वैभव आहे, अभिनय आहे. पण भुयाराच्या प्रसंगापाशी मुलांकडे न पाहता आपण स्वतःकडे पाहावे, एवढेच सुचवतो.