भिंतीची बाहेरची बाजू

वाशिम जिल्ह्यातून पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यापैकी कोणी घाटकोपर-वर्सोवा मेट्रोने जात असेल, तर असल्फा येथील टेकडीवरची रंगीत वस्ती त्याने डब्याच्या खिडकीतून पाहिली असेल. ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली. २०१७ च्या डिसेंबरात ‘चल रंग दे’ या उपक्रमातून शेकडो स्वयंसेवकांनी त्या टेकडीवरच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी केल्या. वृत्तपत्रांनी लागलीच इटलीतील पोझितानो गावाची उपमा दिली. कलेने वस्तीचे रूप पालटते म्हणतात ते कितपत खरे, हे पाहावयास असल्फा हे योग्य स्थळ आहे.

रंगाचा आनंद खोटा नसतो, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आपला पत्ता सांगताना संकोचणाऱ्या माणसाला आपली गल्ली कोणी कौतुकाने पाहावी, याचे मोल आहे. चुना फासलेल्या कबरांचा दृष्टान्त येथे देण्याचा मोह कोणालाही होईल. आम्ही तो आवरतो, कारण या भिंतींच्या आत जिवंत माणसे राहतात. आमचा आक्षेप आहे तो हे चित्र ज्या जागेवरून पाहावयाचे आहे, त्या जागेला. ते दुरून, गाडीतून, काही क्षणांत पाहावयाचे चित्र आहे. घरात बसलेल्या बाईला आपल्या भिंतीचा रंग दिसत नाही. तिला दिसते ते छतातून गळणारे पाणी आणि नळाची वेळ. चित्रकार तिच्या दारापर्यंत आला, पण उंबरठ्याआत काय आहे, याविषयी त्याच्या चित्रात एक अक्षर नाही.

याउलट धारावीतील प्रयत्न पाहावा. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने २०१२ साली ‘देखा अनदेखा’ हे प्रदर्शन भरविले आणि २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘अ‍ॅली गल्ली बिएनाले’ नावाचा मोठा कलामेळा धारावीतच मांडला. विषय आरोग्याचा होता. कलावंत बाहेरून आले हे खरे, परंतु माती, सुई-दोरा आणि कॅमेरा त्यांनी वस्तीतील लोकांच्या हाती दिला. त्यांतील एक कलाकृती आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. स्त्रियांनी धारावीचा नकाशा कापडावर शिवला आणि घरांत स्त्रियांवर होणारी मारहाण कोठे कोठे घडते, ते त्यावर दाखविले. ही कलाकृती डोळ्यांस सुखविण्यासाठी केलेली नाही. शहराच्या नकाशावर जी वस्ती एक करडा ठिपका असते, तिच्यातील गल्ली न् गल्ली जिला पायाखालची ठाऊक आहे, तिनेच तो टाका घातला आहे. शेजारीण तो नकाशा पाहते आणि ओळखते. समूहाची कला म्हणावयाची ती हीच, असे आमचे मत आहे.

नकाशा कोण काढतो, हा प्रश्न कलेपुरता राहत नाही. धारावीच्या पुनर्विकासाचे काम २०२२ च्या निविदेनंतर अदानी समूहाकडे गेले आहे. तळमजल्यावरील घर १ जानेवारी २००० पूर्वीचे ठरले, तर धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर विनामूल्य. नंतरच्यांची आणि माळ्यावर राहणाऱ्यांची सोय धारावीबाहेर. म्हणजे एकाच शिडीच्या वरच्या व खालच्या पायरीवरचे दोन संसार दोन ठिकाणी जावयाचे. कागदावर मोजणी होते ती खोल्यांची. कोणती म्हातारी कोणाच्या भरवशावर दार उघडे टाकून निजते, हे त्या मोजणीत उतरत नाही. कापडावरच्या नकाशात ते उतरू शकते.

आणि हे केवळ मुंबईचेच नाही. आपल्या जिल्ह्यात प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मिळते ते किमान २५ चौरस मीटरचे. १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान हप्त्याहप्त्याने येते आणि प्रत्येक टप्प्यावर घराचे छायाचित्र पाठवावे लागते. पुढच्या भिंतीवर योजनेचे नाव आणि लाभार्थ्याचे नाव रंगवून घेतात. छायाचित्र पुन्हा बाहेरच्या बाजूचेच! न्हाणीघर कोठे बांधले, चूल कोठे मांडली, सून-सासू एका खोलीत कशा वावरतात, हे त्यात येत नाही.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा समाजाच्या वारशाचे चार मजली संग्रहालय सुरू झाले. कवड्या आणि आरसे जडविलेले बंजारा भरतकाम हा त्या वारशाचा मोठा ठेवा, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ज्या बोटांनी हे टाके घातले, ती बोटे आजही तांड्यांवर आहेत. त्यांनी कधी आपल्या तांड्याचा नकाशा शिवला, पाणी कोठून येते, दारू कोठे विकली जाते, ऊसतोडीला गेलेल्यांची कोणती घरे दिवाळीनंतर कुलूपबंद असतात, हे त्यावर मांडले, तर तो संग्रहालयाच्या काचेआड ठेवण्यापूर्वी ग्रामसभेच्या भिंतीवर टांगला जावा, एवढे आम्हांस वाटते.