चौदा तासांचे गणित

२२ मार्च २०२० रोजी रविवार होता. सकाळी ७ ते रात्री ९ असा १४ तासांचा ‘जनता कर्फ्यू’ त्या दिवशी देशभर पाळला गेला. संध्याकाळी ५ वाजता मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत गॅलऱ्यांतून टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करावी, असे आवाहन पंतप्रधानांनी १९ मार्चच्या भाषणात केले होते. पुढच्या तीन दिवसांत या आवाहनाला एक ‘शास्त्रीय’ पुरवणी जोडली गेली. ती भाषणात नव्हती. मोबाइलवरून घरोघरी पोहोचली. तिचा आशय असा : विषाणू एका जागी फक्त १२ तास जगतो. आपण १४ तास घरात राहिलो, तर बाहेर जिथे जिथे तो आहे तिथे तो मरून जाईल आणि संसर्गाची साखळी तुटेल.

आम्ही उपनगरांतल्या शाळांमध्ये विज्ञान आणि गणित शिकवणारे काही जण आहोत. आमच्यापैकी दोघांनी हा संदेश पुढे पाठवला होता. एकाने तर तो दहावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. त्या मुलांचा भूगोलाचा शेवटचा पेपर आदल्याच दिवशी पुढे ढकलला गेला होता आणि त्यांना काहीतरी धीराचे सांगावे असे त्यांच्या सरांना वाटले. तेव्हा पुढील टीका दुसऱ्यांच्या अज्ञानावर नाही. विज्ञानाच्या शिक्षकालाही पटावे असे त्या चार ओळींत काय होते आणि त्यांत चूक नेमकी कुठे होती, हे आम्हाला तपासायचे आहे. पुढची साथ येईल तेव्हा असा मजकूर पुन्हा येईल, म्हणून ही तपासणी शिळी झालेली नाही.

संदेश पटला का?

थाळीच्या कंपनांनी विषाणू नष्ट होतो, असाही एक संदेश त्याच दिवशी फिरत होता. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे लगेच जाहीर केले. आमच्यापैकी कोणी त्याला फसले नाही. त्यात अमावास्या होती, ध्वनिलहरींची शक्ती होती. त्याचा वास ओळखीचा होता. १२ आणि १४ तासांच्या संदेशाला तसा वास नव्हता. त्यात दोन आकडे होते आणि एक साधी वजाबाकी होती. विषाणू सजीव पेशीबाहेर फार काळ टिकत नाही, हे पाठ्यपुस्तकातले विधानही त्याच्या पाठीशी होते. ‘साखळी तोडणे’ हा शब्दप्रयोग तर खुद्द डॉक्टरांच्या तोंडी होता.

म्हणजे सुटे सुटे भाग जवळजवळ बरोबर होते. चूक त्यांच्या जोडणीत होती. चमत्काराच्या गोष्टींना हसायला आपण मुलांना शिकवतो. बरोबर दिसणाऱ्या तुकड्यांची चुकीची जोडणी ओळखायला फारसे शिकवत नाही.

पहिली चूक : १२ तासांचे आयुष्य

विषाणू १२ तास ‘जगतो’ म्हणजे काय? बाराव्या तासाला घंटा होते आणि सगळे विषाणू एकदम संपतात, असे चित्र या वाक्यातून उभे राहते. प्रत्यक्षात पृष्ठभागावरचे संसर्गक्षम विषाणू क्रमाक्रमाने घटत जातात. किरणोत्सर्ग शिकवताना आपण अर्धायुष्याची कल्पना सांगतो, तीच इथे लागू पडते.

गंमत अशी, की याचे मोजमाप त्याच आठवड्यात उपलब्ध झाले होते. १७ मार्च २०२० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी संशोधकांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रयोगांत प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर ७२ तासांपर्यंत संसर्गक्षम विषाणू सापडले. पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर आणि तांब्यावर ४ तासांनंतर सापडले नाहीत. प्लास्टिकवर विषाणूचे अर्धायुष्य सुमारे ६.८ तास, तर स्टीलवर ५.६ तास भरले. प्लास्टिकच्या बाबतीत १४ तास म्हणजे जेमतेम दोन अर्धायुष्ये. १,००० विषाणूंपैकी पहिल्या ७ तासांत निम्मे गेले, उरलेल्यांपैकी निम्मे पुढच्या ७ तासांत गेले. रात्री ९ वाजता सुमारे २५० शिल्लक.

तेव्हा पृष्ठभागांपुरते पाहिले तरी गणित चुकले होते. पण ही चूक सगळ्यांत लहान.

दुसरी चूक : मुक्काम कुठे?

मोठी चूक पत्त्याची होती. संदेशात विषाणूचा मुक्काम रेल्वेच्या दांड्यावर, लिफ्टच्या बटणावर, दुकानाच्या कठड्यावर होता. म्हणजे ‘बाहेर’ होता. प्रत्यक्षात साथीचा मुक्काम माणसांच्या शरीरात असतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, म्हणजे अधिशयन काळ, या आजारात तेव्हा साधारण ५ दिवसांचा आढळत होता आणि तो १४ दिवसांपर्यंत लांबू शकत होता. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रुग्ण इतरांना लागण देऊ शकत होता. विलगीकरणाची मुदत १४ दिवसांची होती ती यामुळे. संदेशाने १४ हा आकडा तेवढा ठेवला आणि दिवसांच्या जागी तास आले.

माणूस घरात बसला म्हणजे विषाणूही त्याच्याबरोबर घरात आला. तो त्या १४ तासांत त्याच्या शरीरात वाढतच होता. आणि घर म्हणजे काय? मुलुंडमधल्या तीन खोल्यांच्या सदनिकेत एकाला वेगळे ठेवता येते. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवरच्या एका खोलीत सहा माणसे राहत असतील आणि शौचालय सामायिक असेल, तर ‘घरात राहा’ या सूचनेचा अर्थच बदलतो. संदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिले घर होते. पुढे पाठवताना आमच्याही डोळ्यांसमोर तेच होते, आणि आमच्या वर्गातली निम्मी मुले दुसऱ्या प्रकारच्या घरांतली होती.

तिसरी चूक : साखळीचे गणित

आता समजा, त्या १४ तासांत देशात एकालाही नवी लागण झाली नाही. घरातही नाही. हे अशक्य आहे, पण क्षणभर मानू. तरी साखळी तुटली असती का?

समजा, लागण झालेल्यांची संख्या दर ४ दिवसांनी दुप्पट होते. २८ दिवसांत ती सात वेळा दुप्पट होईल, म्हणजे १ चे १२८ होतील. मध्ये १४ तास वाढ पूर्ण थांबली, तर पुढची सारी वाढ १४ तासांनी मागे सरकते. २८ दिवसांच्या अखेरीस १२८ ऐवजी सुमारे ११६ होतील. थोडा फायदा आहे, पण तो केवळ उशीर आहे. साखळी तुटायची तर एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण देईल अशी स्थिती यावी लागते आणि ती कित्येक आठवडे टिकवावी लागते.

एक दिवसाचा बंद म्हणून जनता कर्फ्यू निरुपयोगी होता, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. पुढच्या दीर्घ टाळेबंदीची ती तालीम होती, असे म्हणता येईल. त्याच रात्री मुंबईच्या लोकल गाड्या सामान्य प्रवाशांसाठी थांबल्या आणि दोन दिवसांनी देशभर टाळेबंदी आली. पण तालीम संपताच नाटक संपले, असे या संदेशाने लोकांना सांगितले होते. काही शहरांत संध्याकाळी लोक थाळ्या घेऊन रस्त्यांवर घोळक्याने नाचले, ते या विजयाच्या भावनेतूनच.

दुरुस्ती करणाऱ्यांचे काय?

टीका इथे थांबवली तर ती एकतर्फी होईल. या संदेशाची दुरुस्ती करणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्यावर ‘खोटे’ असा शिक्का मारला आणि विषय संपवला. का खोटे, हे अर्धायुष्याच्या आणि अधिशयन काळाच्या भाषेत सांगितले गेले असते, तर वाचणाऱ्याच्या हाती पुढचा संदेश तपासण्याचे साधन आले असते. नुसत्या शिक्क्याने एक अधिकारवाणी जाऊन दुसरी आली.

शिवाय तज्ज्ञांचाही पत्ता त्या वेळी थोडा चुकलाच होता. हा आजार हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ठामपणे जाहीर केले होते. आम्ही सगळ्यांनी भाज्या साबणाने धुतल्या, दुधाच्या पिशव्या पुसल्या, वर्तमानपत्रे बंद केली. पुढे उलगडत गेले, की कोंदट जागेतील हवा हा प्रसाराचा मोठा मार्ग होता आणि पृष्ठभाग हा फारच किरकोळ. दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० त १ पेक्षाही कमी आहे, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये म्हटले. पिशव्या पुसण्याऐवजी आपण खिडक्या उघडायला हव्या होत्या.

मुंबईला हा अनुभव नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला, तेव्हा पालिकेने गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुऊन काढली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. त्याआधी दोन वर्षे सगळा रोख गटारांवर, भिंतींवर आणि रुग्णांवर होता. रुग्णालयात नेलेल्याला तिथे मुद्दाम मारतात, अशी अफवा पसरली आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तिथेच दाखल झाले. १८९७ चा साथरोग कायदाही मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला.

पत्ता चुकला की भीतीही चुकते

गणिताच्या चुकीने एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. आमच्या मते रोगाचा पत्ता आपण कुठे मांडतो, त्यावर आपण कोणाला भितो हे ठरते.

रोग बाहेर आहे आणि आपले घर सुरक्षित आहे, असे एकदा मनात बसले, की बाहेरून येणारा प्रत्येक जण संशयित होतो. विमानतळावरून आलेल्या प्रवाशांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचे शिक्के मारायला राज्यात मार्चच्या मध्यास सुरुवात झाली. शिक्क्याचा हेतू समजण्यासारखा होता. पण शिक्का नाही म्हणजे धोका नाही, असा उलट अर्थ लोकांनी काढला. १८ मार्चला पालघरला गरीब रथ गाडीतून शिक्का असलेल्या चौघांना उतरवण्यात आले; त्या डब्यात शिक्का नसलेला पण लागण झालेला कोणी असता, तर तो निश्चिंतपणे पुढे गेला असता. ताप मोजणाऱ्या बंदुकीलाही अधिशयन काळातला माणूस दिसत नाही.

मग शिक्का नसलेल्यांवरही अदृश्य शिक्के बसू लागले. आमच्या एका विद्यार्थिनीची आई परिचारिका होती. पाच वाजता तिच्या सोसायटीत थाळ्या वाजल्या. पुढच्या आठवड्यात तिला सांगण्यात आले, की लिफ्ट वापरू नका आणि जमल्यास रुग्णालयातच राहा. सांगणारे दुष्ट नव्हते. त्यांच्या समजुतीनुसार रोग लिफ्टच्या बटणावर आणि तिच्या कपड्यांवर होता. असे प्रकार देशभर इतके वाढले, की २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील गंभीर हल्ल्यासाठी त्यात ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती.

खरा पत्ता जुलैमध्ये कळला. मुंबईच्या तीन प्रभागांत, ज्यात दहिसरचा उपनगरी प्रभागही होता, रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. त्यात वस्त्यांमधल्या सुमारे ५७ टक्के, तर इतर घरांमधल्या १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. रुग्ण म्हणून नोंद झालेल्यांच्या मानाने ही संख्या कितीतरी मोठी होती. बहुतेकांना आपल्याला लागण होऊन गेल्याचा पत्ताही नव्हता. रोग विशिष्ट शिक्क्याच्या माणसांत नव्हता. जिथे माणसांना दाटीने राहावे लागते, तिथे तो होता.

वर्गात काय करावे?

हा संदेश आम्ही आता दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. मुलांना ६४ नाणी देतो. सगळी नाणी फेकायची आणि छापा पडलेली काढून टाकायची. एक फेक म्हणजे एक अर्धायुष्य. दोन फेकींनंतर किती उरली ते मोजायचे. साधारण १६ उरतात, आणि ‘१२ तासच जगतो’ या वाक्याचे काय करायचे ते मुले स्वतःच सांगतात. त्यानंतर दुप्पट होण्याचा तक्ता करायचा आणि त्यात १४ तासांची सुटी घालून पाहायची.

शेवटी एक प्रश्न विचारतो : या संदेशाप्रमाणे रोग कुठे आहे? उत्तर ‘बाहेर’ असे येते. मग विचारतो, की बाहेर कोण असते? मुले थोडा वेळ गप्प बसतात. नंतर नावे येऊ लागतात : दूधवाला, भाजीवाली, कामवाली बाई, वॉचमन. एका वर्षी शेवटच्या बाकावरून उत्तर आले, “माझी आई.” गणिताचा तास तिथे संपतो, पण तास संपल्यावरही मुले बोलत राहतात.