विज्ञान दूरचित्रवाणी मालिका : भागांचे मूल्यमापन

विज्ञानविषयक कल्पनेवर आधारलेल्या व क्रमशः प्रक्षेपित होणाऱ्या नाट्यमालिकेतील एकेका भागाचा कस ठरविण्याची समीक्षापद्धती. अशा भागाचे परीक्षण दुहेरी असते : तो स्वतंत्र नाट्यकृती म्हणून उभा राहतो काय आणि मालिकेच्या मूळ कल्पनेला पुढे नेतो काय. यंत्रे, वेशभूषा व दृश्यचमत्कार यांच्या विपुलतेवरून केलेला निर्णय बहुधा फसवा ठरतो.

या संदर्भात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा परिसर लक्षणीय आहे. जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाचे प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक (अँटेना) आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात, तर १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात सु. २५ किमी. परिसरात विखुरले आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली त्याची उभारणी झाली. मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणे, हे या स्थाननिवडीचे एक प्रमुख कारण होते [⟶ रेडिओ ज्योतिषशास्त्र].

रेडिओ दूरदर्शक हाच ज्या कथेचा आरंभबिंदू आहे, अशी महत्त्वाची मालिका म्हणजे बीबीसीची ए फॉर अँड्रोमीडा (१९६१). ज्योतिर्विद फ्रेड हॉईल व जॉन एलियट यांनी लिहिलेल्या या मालिकेचे सात भाग होते. देवयानी तारकासमूहाच्या दिशेने आलेला संदेश म्हणजे एक संगणक बांधण्याच्या सूचना असल्याचे उघड होते. पुढे तो संगणक सजीव निर्माण करण्याची कृती पुरवितो. संदेश पाळावा की नाही, हा येथील खरा पेच होय. विज्ञानातील एकच गृहीतक स्वीकारून त्याचे परिणाम क्रमाने उलगडणे हा तिचा गुण. संदेशाचा उलगडा फार सहज होणे ही तिची उणीव. हॉईल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या मराठी विज्ञानकथांतही एका गृहीतकाची शिस्त आढळते.

या मालिकेचा केवळ सहावा भाग संपूर्ण उपलब्ध असून तो २००५ मध्ये पुन्हा हाती आला. इतर भागांचे अंशच उरले आहेत. एका भागावरून संपूर्ण मालिकेला श्रेणी देणे समीक्षेच्या दृष्टीने असमर्थनीय आहे. तो भाग शेवटाकडचा असल्याने त्यातील पात्रांचे निर्णय आधीच्या घटनांशिवाय अपुरे वाटतात. हा दोष लेखकांचा नसून आपल्या पुराव्याचा आहे.

दूरदर्शनवरील कॅप्टन व्योम (१९९८) या केतन मेहता दिग्दर्शित हिंदी मालिकेत फरारी गुन्हेगारांचा पाठलाग हे कथासूत्र आहे. त्यामुळे भाग गतिमान होतात. मात्र तोच पाठलाग अंतराळातून जमिनीवर आणल्यास कथेचे काय बिघडेल, असा प्रश्न समीक्षकाने प्रत्येक भागाला विचारावयास हवा. काहीच बिघडत नसेल, तर विज्ञान तेथे केवळ नेपथ्य ठरते. मुलांमध्ये अंतराळाविषयी कुतूहल जागविणे हे अशा मालिकांचे कार्य मात्र नाकारता येत नाही.

वास्तवाचा एक प्रसंग कसोटी म्हणून उपयुक्त आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या ‘स्किआपारेली’ या यूरोपीय अवतरकाचा क्षीण संकेत खोडद येथे टिपला जात होता. अपेक्षित अवतरणाच्या किंचित आधी तो थांबला. अवतरक आदळून नष्ट झाल्याचे नंतर निश्चित झाले. संकेत थांबणे व त्याचा अर्थ कळणे यांमधील अनिश्चिततेतच विज्ञानाचे नाट्य असते. निकृष्ट भाग हे अंतर पार्श्वसंगीताने वा एखाद्या सर्वज्ञ पात्राच्या भाषणाने भरून काढतो. उत्कृष्ट भाग शंका, पडताळणी व चूक यांतून पात्रांचा कस लावतो.

म्हणून अशा भागाच्या मूल्यमापनात वैज्ञानिक अचूकतेपेक्षा वैज्ञानिक विचारपद्धतीशी असलेली निष्ठा अधिक निर्णायक मानावी लागते. अशक्य गृहीतक क्षम्य असते; त्या गृहीतकाशी केलेली प्रतारणा क्षम्य नसते. ज्या प्रदेशात खरे आकाशक शेतांच्या सान्निध्यात उभे आहेत, तेथील प्रेक्षकाला हा भेद विशेष स्पष्टपणे जाणवू शकतो.