बुडालेल्या शहराला भूत सापडेना

१२ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत 'द स्केलेटन की' हा भयपट प्रदर्शित झाला. लुइझियानाच्या दलदलीतलं जुनं घर, घराचा कुलूपबंद पोटमाळा, माळ्यावर जादूटोण्याची सामग्री आणि फार पूर्वी जमावाने फासाला लटकवलेल्या कृष्णवर्णीय नोकर-जोडप्याची कहाणी, असा त्याचा सगळा जामानिमा. सतरा दिवसांनी, २९ ऑगस्टला, कॅटरिना वादळ किनाऱ्यावर धडकलं. न्यू ऑर्लिन्सभोवतीचे तटबंध पन्नासहून अधिक ठिकाणी फुटले आणि ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेलं. पाणी चढू लागलं तशी माणसं पोटमाळ्यावर चढली. ज्यांच्या हाताशी छप्पर फोडायला कुऱ्हाड होती ती वर निघाली, बाकीच्यांपैकी कित्येक तिथेच मेली. भयपटाने इतकी वर्षं जी जागा भुतांसाठी राखून ठेवली होती, तिचा अर्थ त्या सोमवारी बदलला. त्यानंतरच्या वीस वर्षांत या शहरात, विशेषतः कमी खर्चात, बनलेल्या भयपटांनी आणि अतिमानवी थरारपटांनी हा बदललेला अर्थ जवळपास कुठेच उचलला नाही, असं माझं म्हणणं आहे. त्यांनी बुडालेलं शहर वापरलं. त्या बुडण्यातून जन्मलेलं भूत मात्र त्यांना सापडलं नाही.

आधी पैशाचं बघू, कारण हा प्रकार पैशाच्या गणितावर उभा आहे. लुइझियाना राज्याने २००२ पासून चित्रपटनिर्मात्यांना करसवलत द्यायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ती खर्चाच्या तीस टक्क्यांपर्यंत नेली. वादळानंतर शहरात रिकामी घरं, ओस वस्त्या आणि कामाला आसुसलेली माणसं होती. 'दक्षिणेतलं हॉलिवूड' हे बिरुद त्यातूनच रुजलं. व्हेर्नर हर्झोगच्या 'बॅड लेफ्टनंट'ची (२००९) कथा मुळात न्यूयॉर्कची होती. करसवलतीपायी ती न्यू ऑर्लिन्सला आणली गेली. शहराच्या पूर्व भागातलं 'सिक्स फ्लॅग्ज' हे करमणूक उद्यान पुरात बुडालं ते पुन्हा उघडलंच नाही, पण त्याच्या गंजक्या पाळण्यांमध्ये मोठमोठ्या चित्रपटांची चित्रीकरणं होत राहिली. विध्वंस फुकटात मिळत असेल तर कला-दिग्दर्शकाचा खर्च वाचतो, आणि भयपटाला विध्वंस लागतोच. यात गैर काही नाही. गैर आहे ते पुढचं: नेपथ्य घेतलं, पण ते कसं तयार झालं हा प्रश्न बाहेरच ठेवला. ही खोड एकट्या हॉलिवूडची नाही, हेही सांगायला हवं. कॅटरिनाच्याच वर्षी, २६ जुलैला, मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि हिंदी सिनेमाने चार वर्षांनी 'तुम मिले'मध्ये त्या पुराला प्रेमकथेमागचा पडदा केलं.

मग या शहराच्या भयपटांत भुतं कोणती येतात? 'हॅचेट' मालिकेत दलदलीतला विद्रूप खुनी येतो, आणि त्याच्या तावडीत सापडतात ते 'भुताटकीची सहल' काढलेले पर्यटक. 'द लास्ट एक्सॉर्सिझम'मध्ये (२०१०) खेड्यातल्या शेतावरच्या मुलीला सैतानाने पछाडलेलं असतं; २०१३ च्या दुसऱ्या भागात तीच मुलगी न्यू ऑर्लिन्सच्या वसतिगृहात येते आणि सैतान तिच्या पाठोपाठ येतो. 'अमेरिकन हॉरर स्टोरी'च्या 'कोव्हन' या पर्वात एकोणिसाव्या शतकातली गुलामांचा छळ करणारी मादाम लालोरी आणि वूडूची राणी मारी लाव्हो पुन्हा अवतरतात. ही सगळी भुतं पुराच्या आधीची आहेत. पर्यटकांना घोडागाडीतून फिरवणारा वाटाड्या जी भुतं दाखवतो तीच ही. शहर बुडून निघालं तरी त्याची भुतांची यादी जशीच्या तशी राहिली, याचं आश्चर्य वाटायला हवं.

आपल्याकडची भुतं आठवून पाहा. मुंजा, हडळ, समंध ही वर्गवारी रूपावरून पडलेली नाही. कोणाचं काय राहून गेलं, यावरून पडली आहे. कोणाची सोडमुंज व्हायची राहिली, कोणी बाळंतपणात गेली, कोणाचा जीव धनात अडकला. भूत दिसलं की गावाने पहिला प्रश्न विचारायचा तो 'काय हवंय तुला?' म्हणजे भूत ही राहिलेल्या हिशेबाची नोंद असते. जगभरच्या चांगल्या भुताच्या गोष्टीत हे तत्त्व कुठल्या ना कुठल्या रूपात सापडतं, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये तर अशा नोंदी अक्षरशः दारांवर लिहिल्या होत्या. शोधपथकं प्रत्येक घरावर रंगाने मोठी फुली मारत. वरच्या खणात तारीख, डावीकडे पथकाचं नाव, उजवीकडे आतले धोके आणि खालच्या खणात सापडलेल्या मृतांची संख्या. काही घरमालकांनी ती फुली पुसू दिली नाही. काहींनी तिची लोखंडी प्रतिकृती करून दाराशी लावली. वादळबळींचा अधिकृत आकडा वर्षानुवर्षं १,८३३ सांगितला जात होता. २०२३ मध्ये तो १,३९२ करण्यात आला. ज्यांची ओळख पटली नाही किंवा ज्यांना न्यायला कोणी आलं नाही अशा ऐंशीच्या घरातल्या मृतांसाठी कनाल स्ट्रीटवरच्या दफनभूमीत स्मारक उभं आहे. दारावर मृतांची मोजदाद, अठरा वर्षांनी बदललेला आकडा, नाव नसलेली प्रेतं: पटकथालेखकाला याहून आणखी काय हवं? तरी तो वूडूकडेच वळतो.

याहूनही भेदक सामग्री शहराच्या दप्तरात पडून आहे. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या बँकवाल्यांनी आणि बड्या व्यापाऱ्यांनी सरकारकडून परवानगी मिळवून शहराच्या खालच्या अंगाला, कार्नार्व्हनजवळ, तटबंध सुरुंगाने उडवला. शहर वाचावं म्हणून सेंट बर्नार्ड आणि प्लाक्मिन्स हे भाग बुडवले. तिथल्या लोकांना कबूल केलेली भरपाई बहुतांशी मिळालीच नाही, आणि नदीच्या वरच्या बाजूचे तटबंध आपसूक फुटल्यामुळे सुरुंगाची गरजही नव्हती, हे लगेचच कळलं. १९६५ च्या बेट्सी वादळात लोअर नाइन्थ वॉर्ड ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती बुडाली तेव्हा 'पुन्हा सुरुंग लावला' अशी बोलवा उठली. २००५ मध्येही तिथल्या अनेकांनी स्फोटाचा आवाज ऐकल्याचं सांगितलं. स्पाइक लीच्या 'व्हेन द लेव्हीज ब्रोक' (२००६) या माहितीपटात ती साक्ष आहे. सुरुंगाचा पुरावा अभियंत्यांना मिळाला नाही. पण ऐकणाऱ्यांनी जे ऐकलं त्याचा प्रतिध्वनी १९२७ पासूनचा होता, आणि याच्याइतकी अस्सल भूतकथा या शहरात दुसरी नाही. त्यापुढचा भाग तर कोणाला रचूनही सुचला नसता. १९२७ च्या पुरानंतर १९२८ मध्ये पूरनियंत्रण कायदा झाला आणि पुराच्या नुकसानीची जबाबदारी केंद्र सरकारवर येणार नाही, असं त्यात कलम घातलं गेलं. २००५ मध्ये सतराव्या रस्त्याच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच कोसळल्या; रचनेत दोष होता हे लष्कराच्या अभियंता विभागाने २००६ मध्ये मान्य केलं. जानेवारी २००८ मध्ये संघीय न्यायाधीशाने या विभागावर कडक ताशेरे ओढले, आणि त्याच निकालात १९२८ च्या कायद्याकडे बोट दाखवून दावा फेटाळला. ऐंशी वर्षांपूर्वीचा पूर उठून आजच्या गुन्हेगाराला पाठीशी घालतो, हे कथानक कोर्टाच्या कागदपत्रांत जसंच्या तसं आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. गरीब निर्मात्याने कायद्याचा इतिहास दाखवावा, ही अपेक्षा जास्तीची नाही का? पण दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहू. 'द लास्ट एक्सॉर्सिझम' आणि बेन झाइटलिनचा 'बीस्ट्स ऑफ द सदर्न वाइल्ड' (२०१२) या दोहोंचा खर्च प्रत्येकी सुमारे अठरा लाख डॉलर सांगितला जातो. पहिल्याने तो सैतानावर लावला. दुसऱ्याने सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर, अभिनयाचा अनुभव नसलेली मुलगी आणि न्यू ऑर्लिन्समधला एक बेकरीवाला यांना घेऊन, तटबंधापलीकडची 'बाथटब' नावाची वस्ती उभी केली. तिथे बर्फातून सुटलेले प्राचीन ऑरॉक्स पशू चालत येतात; हे पशू म्हणजे वेष चढवलेली डुकरं, हे माहीत असूनही ती अंगावर येतात. मुख्य म्हणजे वादळानंतर साचलेलं खारं पाणी वस्ती मारू लागतं तेव्हा तिथला रहिवासी विंक आणि त्याचे सोबती माशाच्या पोटात स्फोटकं भरून तटबंध उडवतात, आणि दोरी ओढते ती त्याची लहानगी मुलगी हशपपी. १९२७ चा सुरुंग इथे उलटा फिरला आहे: बुडवलेल्यांनीच तो लावला आहे. दिग्दर्शकाने हे जाणून केलं की नाही, याला फारसं महत्त्व नाही. दृश्यात ते आहे. तेव्हा अडचण खिशाची नाही. या चित्रपटावर स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी कठोर टीका केली होती. मारहाण आणि दैन्य यांचं उदात्तीकरण होतं, कृष्णवर्णीय मुलीचं देहप्रदर्शन रानटीपणाच्या जुन्या साच्यात बसतं, हा त्यांचा मुद्दा बराचसा खरा आहे. मी आणखी एक उणीव जोडेन. या तटबंधाला मालक नाही. तो कोणी बांधला, कोणासाठी, याचा पत्ता लागत नाही. सरकार येतं ते फक्त लोकांना हुसकून दवाखान्यात कोंबायला. म्हणजे सर्वोत्तम उदाहरणही अर्ध्या वाटेवर थांबतं.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. भयपट म्हणजे चौकशी समितीचा अहवाल नव्हे. तो रूपकातून बोलतो, आणि सैतान किंवा वूडू हेही पुराचं रूपकच का मानू नये? मानायला हरकत नव्हती, जर ते रूपक योग्य जागी बोट ठेवत असतं. वूडू ही याच शहरातल्या कृष्णवर्णीयांची श्रद्धा. तिला भयाचं मूळ ठरवलं की बुडालेली माणसंच संकटाचा उगम ठरतात, आणि काँक्रीटची भिंत उभारणारे सुटतात. 'द स्केलेटन की'मध्येही फाशी दिलेलं जोडपं शेवटी बळी न राहता गोऱ्यांची शरीरं बळकावणारं संकट होतं. रूपकही बाजू घेतं. योग्य जागी बोट ठेवणारं रूपक कमी खर्चात, अहवाल न होता आणि तरीही नेमकेपणाने कसं उभं करता येईल, याची चुणूक जस्टिन बेन्सन आणि ॲरन मूरहेड यांच्या 'सिंक्रॉनिक'मध्ये (२०१९) दिसते. एका नशेच्या गोळीने माणूस सात मिनिटांपुरता भूतकाळात जातो, आणि कुठल्या काळात जाणार हे तो शहरात नेमका कुठे उभा आहे यावर ठरतं. न्यू ऑर्लिन्सचाच असलेला अँथनी मॅकी त्यात कृष्णवर्णीय रुग्णवाहिका-कर्मचारी आहे, आणि भूतकाळातली जवळपास प्रत्येक जागा त्याच्या जिवावर उठते. जागेला स्मृती आहे आणि ती सर्वांशी सारखी वागत नाही, एवढं साधं सूत्र. दुर्दैवाने चित्रपट पुढे मित्राच्या हरवलेल्या मुलीच्या शोधात गुंततो आणि सूत्र पातळ होतं.

तिसरा आक्षेप असा की जखम ताजी आहे. खऱ्या मृतांना भूत करून पडद्यावर आणणं हा त्यांचा अपमान. याचं उत्तर शहरातल्या लोकांनीच दिलं आहे. नाइन्थ वॉर्डात राहणाऱ्या किंबर्ली रिव्हर्स रॉबर्ट्स यांनी स्वस्तातल्या हॅंडी-कॅमेऱ्यावर वादळ टिपलं, घरच्यांसह पोटमाळ्यावर चढल्यावरही टिपत राहिल्या, आणि ते चित्रण २००८ च्या 'ट्रबल द वॉटर' या माहितीपटाचा कणा झालं. त्यात आपत्कालीन दूरध्वनीचे आवाज आहेत. माळ्यावर अडकलेली माणसं मदत मागतात आणि पलीकडून उत्तर येतं की सध्या कोणी येऊ शकत नाही. कमी खर्चाचा भयपट गेली पंचवीस वर्षं सापडलेल्या चित्रफितीचं सोंग करतो: हलता कॅमेरा, अंधार, धाप. ते सोंग जिची नक्कल करतं ती खरी चित्रफीत इथे आहे, आणि तिच्यात भुताची जागा रिकामी नाही. पलीकडून बोलणारा तो शांत, असहाय आवाज तिथे आहे. मृतांचा अपमान होतो तो त्यांना पडद्यावर आणल्याने नव्हे, तर त्यांच्या घरात शिरून दुसऱ्याच कोणाचं भूत दाखवल्याने.

तेव्हा निकाल द्यायचा तर असा: न्यू ऑर्लिन्सने भयपटाला जागा, करसवलत आणि पडकी घरं दिली, भयपटाने शहराला अजून एकही पुरतं साकारलेलं भूत दिलेलं नाही. 'बीस्ट्स' आणि 'सिंक्रॉनिक' जवळ पोचले, बाकीचे फिरकलेही नाहीत. वाचकाला पडताळा घ्यायचा असेल तर 'ट्रबल द वॉटर' आधी पाहावा आणि 'द लास्ट एक्सॉर्सिझम' त्यानंतर लगेच. क्रम उलटा करू नये.