मुक्तिलढ्याच्या दप्तरातील शोध: दक्षिण आफ्रिकेच्या संग्रहांची एक चिकित्सा

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी लढ्याची कागदपत्रे हा विसाव्या शतकाच्या इतिहासाचा मोठा ठेवा आहे. बंदी आलेल्या संघटनांची पत्रके, परागंदा कार्यकर्त्यांचा पत्रव्यवहार, तुरुंगातील टिपणे, छायाचित्रे व ध्वनिमुद्रिते यांचा त्यात समावेश होतो. यातील बराच भाग आज संगणकावर पाहता येतो. त्यामुळे पदवीचा विद्यार्थीही एखादा शब्द टाकून शोध घेऊ शकतो. मात्र काही सापडले नाही, की तसे काही घडलेच नाही असा निष्कर्ष तो काढतो. हा निष्कर्ष चुकीचा का आहे, याचा विचार येथे केला आहे.

संग्रह कसा घडला

केपटाउनजवळच्या वेस्टर्न केप विद्यापीठातील मायिबुये संग्रहाचा गाभा लंडनहून आला. कॅनन जॉन कॉलिन्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'डिफेन्स अँड एड' निधीवर दक्षिण आफ्रिकेत १९६६ मध्ये बंदी आली. त्यानंतरही राजकीय खटल्यांतील आरोपींचा बचाव आणि कैद्यांच्या कुटुंबांना मदत यांसाठी हा निधी गुप्त मार्गांनी पैसा पाठवीत राहिला. जगाचे लक्ष वेधण्यासाठी त्याने छायाचित्रे व चित्रपटही जमवले. १९९० मध्ये संघटनांवरील बंदी उठली, १९९१ मध्ये निधीचे काम संपले आणि हे साहित्य मायदेशी आले. पुढे त्याची व्यवस्था रॉबेन बेट संग्रहालयाशी जोडली गेली.

ही पार्श्वभूमी शोध घेणाऱ्याला माहीत हवी. छायाचित्रे प्रचारासाठी जमवलेली असल्याने त्यांत लाठीमार, अंत्ययात्रा व विस्थापन यांवर भर असणे स्वाभाविक आहे. सुरक्षिततेसाठी अनेक छायाचित्रकारांची नावे लपवली गेली. नाव टाकून चित्र मिळाले नाही, तर तो त्या काळच्या सावधगिरीचा पुरावा असू शकतो.

संगणकीकरणाने आणखी एक चाळणी लावली. डर्बनमधील 'डिसा' प्रकल्पाने आरंभी वर्णभेदविरोधी नियतकालिके निवडली. अमेरिकेतून चाललेल्या 'अलुका' प्रकल्पाने दक्षिणी आफ्रिकेतील मुक्तिलढ्यांची कागदपत्रे गोळा केली व २००८ मध्ये तो 'जेस्टोर'मध्ये विलीन झाला. या प्रकल्पाविषयी अॅलन आयझॅकमन, प्रेमेश लालू व थॉमस नायग्रेन यांनी २००५ मध्ये लिहिले. २००७ मध्ये लालू यांनी स्वतंत्र लेखात अशा संगणकीकरणाची कठोर चिकित्सा केली. काय निवडायचे, कोणी निवडायचे आणि प्रतींवर हक्क कोणाचा, हे वादाचे मुद्दे होते. ते व्यवस्थापनाचे वाटले तरी इतिहासाचेच आहेत, कारण जे निवडले गेले नाही ते शोधात कधीच येणार नाही.

नावांचा प्रश्न

इमाम अब्दुल्ला हारून यांचे उदाहरण बोलके आहे. १९२४ मध्ये जन्मलेले हारून केपटाउनच्या क्लेअरमाँट भागातील मशिदीचे इमाम आणि 'मुस्लिम न्यूज' पत्राचे संपादक होते. आफ्रिकन वस्त्यांत जाऊन ते अटक झालेल्यांच्या कुटुंबांना मदत पोहोचवीत. लंडनला गेले असता ते कॉलिन्स यांनाही भेटले होते. २८ मे १९६९ रोजी त्यांना अटक झाली आणि १२३ दिवसांच्या स्थानबद्धतेनंतर २७ सप्टेंबर रोजी पोलिस कोठडीत त्यांचा मृत्यू झाला.

अशा व्यक्तीचा शोध कोठे घ्यावा? हारून हे नाव रोमन लिपीत एका 'ओ'ने, दोन 'ओं'नी किंवा 'यू'ने लिहिले जाते. यंत्राच्या लेखी ही तीन निराळी माणसे होत. शासकीय वर्गीकरणात केपचे बहुसंख्य मुसलमान 'मलाय' होते, आणि 'मलाय' हा 'कलर्ड' गटाचा उपगट होता. गुजरात वा कोकणातून गेलेले मुसलमान 'इंडियन' किंवा 'एशियाटिक' होते. जुन्या कागदांत 'मोहमेडन' हा शब्दही आढळतो. केवळ 'मुस्लिम' हा शोधशब्द वापरणाऱ्याच्या हातून यातील पुष्कळ निसटते. दुसरी गोष्ट, हारून यांचे संबंध पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसशी होते. लढा म्हणजे केवळ आफ्रिकन नॅशनल काँग्रेस असे धरून तिचेच दप्तर चाळणाऱ्याला ते फारसे भेटणार नाहीत.

याउलट एकाच नावाखाली दोन गोष्टीही असतात. 'कॉल ऑफ इस्लाम' हे केपटाउनच्या मुस्लिम संघटनांनी १९६१ मध्ये काढलेले वर्णभेदविरोधी जाहीरनामापत्र होते. १९८४ मध्ये फरीद इसाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या संघटनेचे नावही तेच. वर्ष न पाहता दोन्ही कागद एकत्र वाचले तर दोन पिढ्यांमधील अंतर पुसले जाते.

जे कागद उरले नाहीत

सत्य व समेट आयोगाच्या अहवालानुसार १९९३ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता सेवेने काही महिन्यांत सुमारे ४४ टन कागद व सूक्ष्मपट नष्ट केले. त्यासाठी पोलाद कारखान्याची भट्टी वापरली गेली. शासकीय दप्तरातील मौन कित्येकदा असे मुद्दाम घडवलेले असते. म्हणूनच वेर्न हॅरिस यांनी अभिलेखाला स्मृतीच्या चिंधीचीही चिंधी मानले.

तथापि उरलेला शासकीय कागद सर्वस्वी निरुपयोगी नसतो. हारून जिन्यावरून पडले, असे सुरक्षा पोलिसांनी सांगितले व १९७० च्या मृत्युचौकशीत कोणालाही जबाबदार धरले गेले नाही. पण अंगावरील अनेक जखमा आणि मोडलेली बरगडी यांची नोंद शवविच्छेदनात झालेली होती. कुटुंबाने हा प्रश्न सोडला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी पुन्हा सुरू झाली आणि ९ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यायालयाने मृत्यू छळामुळे झाल्याचा निर्णय दिला. त्यासाठी ५४ वर्षे लागली. ज्या व्यवस्थेने खोटा निष्कर्ष काढला, तिच्याच कागदात तो खोडणारी नोंद शिल्लक होती. निष्कर्ष व नोंद वेगळे वाचणे हे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.

ज्याला लढा म्हटले गेले नाही

रॉबेन बेटावरील कैद्यांच्या क्रीडा व मनोरंजन समित्यांचे कागद सफरचंदांच्या खोक्यांतून बाहेर आले व मायिबुये संग्रहात पोहोचले. त्यांत माकाना फुटबॉल संघटनेच्या बैठकांची इतिवृत्ते, शिस्तभंगाच्या तक्रारी व तुरुंगाधिकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार आहे. १९९३ मध्ये अमेरिकन क्रीडा-इतिहासकार चक कोर यांनी ते पाहिले आणि त्यातून पुढे पुस्तक व चित्रपट आले. राजकीय प्रतिकार शोधणारा अभ्यासक फुटबॉलच्या तक्रारींकडे वळला नसता. परंतु परस्परविरोधी पक्षांचे कैदी नियम करतात, पंचाचा निर्णय मानतात आणि लेखी अपील करतात, हे या कागदांतून दिसते. स्वराज्याचा सराव तो हाच. सूचीत 'क्रीडा' लिहिले गेल्याने तो 'लढ्या'च्या रकान्याबाहेर राहतो.

अध्यापनाच्या दृष्टीने

यावरून वर्गात काही सवयी लावता येतील. शोधशब्दापूर्वी संग्रह कोणी, कधी व कशासाठी जमवला हे वाचून घ्यावे. एका नावाची सर्व संभाव्य रूपे कागदावर लिहून घ्यावीत. शोधाला यश आले नाही तर खोक्यांची व मालिकांची यादी क्रमाने पाहावी. आणि आपण काय शोधले व काय मिळाले नाही, याचीही नोंद प्रबंधात द्यावी.

मराठी भाषक मुस्लिम विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून गेलेल्या कोकणी मुसलमानांची वस्ती केपटाउनमध्ये जुनी आहे. तेथील स्थलांतर खात्याच्या फायली पाहताना कोकणातील गावांची व आडनावांची ओळख उपयोगी पडते. इंग्रजी लेखनिकाने बिघडवलेले गावाचे नाव ओळखणे केपटाउनच्या संशोधकाला अवघड, पण कोकणी घरातल्या विद्यार्थ्याला सोपे असते. ही जाण सूचीला देण्याजोगी आहे, आणि ती द्यायची तर विद्यार्थ्याने सूची वाचायलाच नव्हे, तर तिच्याशी मतभेद नोंदवायलाही शिकले पाहिजे.